बसून राहण्याचा खर्च

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेचे आकडे नव्याने ठरवले. 55 किलो वजनाच्या, अवजड अंगमेहनत करणाऱ्या बाईला दिवसाला 2720 कॅलरी लागतात. तेवढ्याच वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला 1660. बीड जिल्ह्यात हे दोन्ही आकडे एकाच घरात सापडू शकतात. थोरली जाऊ दिवाळीच्या आगेमागे नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाते, सांगली-कोल्हापूरकडच्या फडात पहाटेच उतरते, ऊस तोडते, पाचट काढते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. धाकटी गावातच शिलाई मशीन चालवते. दोघींमधला फरक 1060 कॅलरींचा, म्हणजे ज्वारीच्या चांगल्या चार भाकरींचा.

मग पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, पुढच्या साली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची नाही असं ठरतं, माजलगावात नाहीतर केजमध्ये छोटं दुकान टाकलं जातं आणि वर्षा-दोन वर्षांत प्रश्न येतो: "खाणं तं पहिल्यावाणीच हाय, मंग वजन कामून वाढलं?" ताट तेच राहिलं, फड सुटला.

मला मात्र त्या 1060 पेक्षा 1660 चं जास्त नवल वाटतं. फारसं काही न करणाऱ्या माणसालाही एवढी ऊर्जा लागते, ती जाते कुठे? त्यातला बराचसा भाग आपण गाढ झोपलो तरी खर्च होणारच असतो. एक किलो वजनाचं हृदय असतं तर त्याला दिवसाला सुमारे 440 कॅलरी लागल्या असत्या. मूत्रपिंडांचा दरही तोच. मेंदूचा दर किलोमागे 240, यकृताचा 200. स्वस्थ पडलेल्या स्नायूचा अवघा 13 आणि चरबीचा साडेचार! सव्वा-दीड किलोचा मेंदू दिवसाला तीनशेच्या वर कॅलरी खातो, मग तुम्ही हिशेब करा की टीव्हीपुढे डुलक्या घ्या.

व्यायामाला सवड नसलेल्यांसाठी ही बातमी चांगली आहे. खर्चाचा मोठा भाग शरीर आपणहून करतं. आपल्याला एकूण खर्चाहून थोडं कमी खायचं असतं. हा खर्च काढण्याचं एक सूत्र मिफ्लिन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये अमेरिकेत मांडलं. वजन किलोत घेऊन 10 ने गुणायचं, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन 6.25 ने, दोन्हींची बेरीज करायची आणि वयाची पाचपट वजा करायची. पुरुष असेल तर 5 मिळवायचे, बाई असेल तर 161 वजा करायचे. हा झाला निव्वळ पडून राहण्याचा खर्च. बैठ्या माणसासाठी त्याला 1.2 ने गुणायचं.

समजा, दुकानावर बसणारी बाई 40 वर्षांची, 155 सेंटिमीटर उंच आणि 68 किलोची आहे. पडून राहण्याचा खर्च येतो 1288, दिवसाचा 1545. त्यातून तीनशे वजा केले की लक्ष्य साधारण 1250. रोज तीनशेची तूट म्हणजे महिन्याला नऊ हजार, आणि एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे महिन्याकाठी किलोभर. हा वेग कुणाला कमी वाटेल; पण 1200 च्या खाली स्वतःच्या मनाने उतरू नये असं साधारणपणे सांगतात, आणि बुटक्या, बैठ्या बाईला त्या रेषेपर्यंत जागाच थोडी असते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे गणित डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांडूच नये.

या सूत्रात आपल्यापुरती एक मेख आहे, आणि ती पुण्यात फार सुरेख उघड झाली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय तंतोतंत 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2! काटा सारखा, आतला माल वेगळा. आता वरचे दर आठवा. स्नायू 13, चरबी साडेचार. अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असेल, तर परदेशी माणसांवर बेतलेलं सूत्र आपला खर्च थोडा फुगवून सांगणार. म्हणून आलेला आकडा कमाल मर्यादा समजावा आणि तीन-चार आठवडे काट्याकडे बघून दुरुस्त करावा.

ताटाकडे येऊ. भाकरी उगाच बदनाम आहे. 70-75 ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे अडीचशेच्या आत कॅलरी, आणि ती पोटात टिकते. बालाघाटच्या डोंगरातलं, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं बीडचं सीताफळही शंभर ग्रॅम गराला शंभरेकच. गडबड होते ती चमच्यात. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात 120 कॅलरी असतात. मूठभर शेंगदाण्यांत दीडशे. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाचदा झाला, की नुसत्या साखरेचे दोनशे. ज्यांनी ऊस तोडला त्यांच्याच कपात ती साखर परत येते, हा हिशेब वेगळाच आहे आणि त्याचा राग यायला हवा. 68 किलोच्या बाईने अर्धा तास झपझप चालून शंभरेक कॅलरी जादा जाळल्या, तर फोडणीतला एक चमचा त्यांना पुरून उरतो. कमी केलेल्या ताटात मटकी, हुलगे, वरण, अंडं मात्र ठेवायलाच हवं. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि खर्चाचा दर आणखी उतरतो.

बरं, गेलेली चरबी जाते कुठे? ऑस्ट्रेलियातल्या मीरमन आणि ब्राउन यांनी हाच प्रश्न डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारला. बहुतेकांनी सांगितलं, तिची ऊर्जा होते. पण वस्तुमान असं गायब होत नाही. त्यांनी 2014 साली हिशेब छापला: दहा किलो चरबी जळाली, तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. घामाच्या धारांनी 'चरबी वितळते' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. (नुसता जोरजोरात श्वास घेऊन काही होत नाही, आधी ती जळावी लागते.)

वजन उतरलं की खर्चही उतरतो. आपली दुकानवाली 60 किलोवर आली, की तिचा दिवसाचा खर्च 1545 वरून 1450 च्या आसपास येतो. तेच 1250 खाऊनही तीनशेची तूट दोनशेवर आलेली असते, आणि काटा हलेनासा झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी बहुतेक जण घाबरून आणखी एक भाकरी सोडतात. गणित नव्या वजनाने पुन्हा मांडलं तर कळतं की कमी पडताहेत फक्त शंभर कॅलरी. आणि दुकान बंद केल्यावर घरी परतताना अर्ध्या तासाचा वळसा घेतला, तर ताटाला हात न लावता त्या भरून निघतात.