बालकांतील सेप्सिस : व्याख्या आणि ओळख

अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात तान्ह्या मुलाचे पोट फुगले असता त्यावर तापलेल्या लोखंडाचा चटका देण्याची जुनी चाल आहे. तिला ‘डंबा’ असे म्हणतात. ही चाल घातक आहे यात शंका नाही. भाजलेल्या कातडीतून जंतूंना शरीरात शिरण्यास नवी वाट मिळते. तथापि तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण खोटे नव्हे. अर्भकाचे पोट फुगणे हे सेप्सिसचेही एक लक्षण असू शकते. मुलाचे काही तरी बिनसले आहे हे घरातील माणसांनी ओळखलेले असते. चुकतो तो उपाय. सेप्सिसची व्याख्या करणे आणि तो वेळीच ओळखणे ही दोन भिन्न कामे आहेत, हे समजून घेण्यास हे उदाहरण उपयोगी पडते.

‘सेप्सिस’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सडणे असा आहे. रक्तात जंतू शिरणे म्हणजेच सेप्सिस, अशी समजूत पुष्कळ काळ रूढ होती. आजच्या मताप्रमाणे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बेताल होऊन त्यायोगे महत्त्वाच्या अवयवांचे कार्य प्राणावर बेतेल इतके बिघडणे, म्हणजे सेप्सिस होय. रक्तातील जंतूंची वाढ प्रयोगशाळेत दिसून येण्यास बहुधा एक-दोन दिवस लागतात व कित्येकदा ती दिसतही नाही. म्हणून व्याख्येचा आधार जंतू हा नसून अवयवांची अवस्था हा ठरतो.

मुलांसाठी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत ताप, नाडीची गती, श्वासाची गती व रक्तातील पांढऱ्या पेशी यांवर भर होता. साध्या विषाणुजन्य तापातही यांपैकी दोन खुणा सहज आढळतात. त्यामुळे सौम्य आणि मरणोन्मुख रुग्ण एकाच नावाखाली येऊ लागले. २०२४ च्या जानेवारीत ‘फिनिक्स’ निकष पुढे आले. त्यांत संसर्गाचा संशय असलेल्या मुलाचे श्वसन, रुधिराभिसरण, रक्त गोठण्याची क्रिया आणि मज्जासंस्था यांतील बिघाडास गुण दिले जातात. बेरीज २ किंवा अधिक झाल्यास तो सेप्सिस. त्यात रुधिराभिसरणाचा किमान १ गुण असल्यास तो सेप्टिक शॉक. चार खंडांतील ३० लाखांहून अधिक रुग्णनोंदींचा आधार या कामास होता. हे निकष पूर्ण करणाऱ्या मुलांपैकी साधनसंपन्न रुग्णालयांत ७.१ टक्के, तर साधनांची उणीव असलेल्या रुग्णालयांत २८.५ टक्के मुले दगावली.

या व्याख्येची मर्यादा तिच्या कर्त्यांनीच नमूद केली आहे. ती आजार ठरविण्यासाठी आहे, आगाऊ हेरण्यासाठी नव्हे. निकष पूर्ण होतात तेव्हा अवयवांवर आघात होऊन गेलेला असतो. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना व जन्मानंतर रुग्णालयातच असलेल्या नवजातांना ती लागू नाही. बालकाच्या शरीराचा आणखी एक विशेष येथे लक्षात घेतला पाहिजे. मूल नाडी जलद करून व हातापायांकडील रक्त आवरून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते. तो उतरतो अगदी शेवटी. नख दाबून सोडल्यावर लाली परत येण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागणे, हातपाय गार पडणे, गुंगी येणे, लघवी कमी होणे या खुणा त्याआधीच्या आहेत. कुपोषित मुलात तर ताप न येता उलट अंग थंड पडू शकते. ‘ताप नाही, म्हणून धोका नाही’ हा समज तेथे जिवावर बेततो.

धारणीहून परतवाड्यामार्गे अमरावतीस येणारा रस्ता दीर्घ व घाटाचा आहे. रक्ताच्या तपासण्या या रस्त्याच्या शेवटी होणार. ओळख मात्र प्रारंभी, झोपडीतच झाली पाहिजे. हे शक्य आहे, याचा पुरावा विदर्भातच मिळाला. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातील स्त्रियांना नवजातांच्या सेप्सिसची ओळख व घरीच प्रतिजैविकांचे उपचार शिकविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सेप्सिस झालेल्या नवजातांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. पुढे २००५ मध्ये त्यांनी सात लक्षणे निश्चित केली : दूध ओढणे कमी होणे वा थांबणे, रडणे क्षीण होणे वा बंद पडणे, हातपाय लुळे पडणे, उलटी किंवा पोटफुगी, आईच्या हाताला अंग थंड लागणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे आणि बेंबीत पू होणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की उपचार सुरू करावयाचे किंवा रुग्णालय गाठावयाचे.

या यादीत यंत्राने मोजावयाचे असे एकही लक्षण नाही. बहुतेक सर्व आईच्या डोळ्यांना, कानांना व हाताला कळणारी आहेत. अतिदक्षता विभागातील गुणांकन आणि आईचे निरीक्षण ही परस्परविरोधी नसून एकाच साखळीची दोन टोके आहेत. पोटफुगी पाहून विस्तव पेटविणाऱ्या घराला तेच लक्षण पाहून आशा कार्यकर्तीला हाक मारण्याची सवय लागली, तर व्याख्या पूर्ण होण्याआधीच मूल उपचारापर्यंत पोहोचेल.