आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास आणि आपण

‘परराष्ट्र धोरणाचा आमच्या वस्तीशी काय संबंध?’ हा प्रश्न राज्यशास्त्राच्या वर्गात हमखास येतो. तो गैर नाही. ज्याच्या घरात पदवी प्रथमच येत आहे, त्याला शिक्षण भाकरीशी ताडून पाहावेच लागते. परंतु उत्तर देण्यापूर्वी हा विषय मुळात कसा आहे, हे समजून घेतले पाहिजे.

पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर, १९१९ साली, वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. युद्धे का होतात, याचे उत्तर एकट्या इतिहासाला किंवा एकट्या कायद्याला देता येईना. म्हणून इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा अशी अनेक शास्त्रे या अभ्यासात एकत्र आली. भारतात १९५५ साली दिल्लीत या विषयाची स्वतंत्र संस्था निघाली व १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली.

अनेक शास्त्रे एकत्र कशाला हवीत, हे आपल्याच प्रश्नावरून पाहू. १९६५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वांशिक भेदभावाविरुद्धचा करार संमत केला. त्याच्या पहिल्या कलमात वंश, कातडीचा रंग यांच्याबरोबर ‘डिसेंट’, म्हणजे जन्मकूळ, हा शब्द आहे. तो भारताच्याच सूचनेवरून आला. पुढे जातीचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र ‘जात म्हणजे वंश नव्हे, सबब ती कराराबाहेर’ अशी भूमिका भारत सरकारने घेतली. २००१ च्या डर्बन परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी हा प्रश्न लावून धरला. तरीही अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. परंतु २००२ साली कराराच्या देखरेख समितीने जन्मकुळावरून होणाऱ्या भेदभावात जातिभेदही मोडतो, असे स्पष्ट केले.

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीही सांगितले होते. पण त्यावरून जन्माधिष्ठित अन्याय कराराबाहेर पडतो, असे ठरत नाही. ही गफलत उघडी करायला समाजशास्त्र हवे, कलम वाचायला कायदा हवा, सरकारची भूमिका का पालटली हे कळायला राजकारण व इतिहास हवा. यातले एकच शास्त्र जाणणारा माणूस वादात अर्ध्या वाटेवर अडकतो.

बाबासाहेबांनी कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्रही अभ्यासले. अमेरिकेतील निग्रो संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करीत आहेत हे कळताच १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांनाही तोच मार्ग धरता येईल काय, हा विचार त्यामागे होता.

तेव्हा वस्तीशी संबंध आहे तो असा. आपले दुःख जगाच्या दरबारात कोणत्या शब्दांत मांडले जाणार, हे तिथे बसणारे ठरवतात. तिथे आपल्यातले शिकलेले कोणी नसेल, तर ते शब्द आपल्यावाचूनच ठरतील. पदवीसाठी विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याला सल्ला देणाऱ्या शिक्षकाने याचा विचार करावा.