हॉस्पिटलचे बिल पटत नसेल तर काय करावे?

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांनाच घरी जायची घाई असते. बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ किंवा ‘इतर शुल्क’ अशा एका ओळीत मोठी रक्कम दिसते, पण काउंटरवर वाद नको म्हणून नातेवाईक पैसे भरून मोकळे होतात. पैसे भरले म्हणून तुमचा विचारण्याचा हक्क संपत नाही.

पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहक कायद्यानुसार ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात स्पष्ट केले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल किंवा पावती न देणे ही ‘अनुचित व्यापार प्रथा’ ठरते. उपचारांबद्दल खोटे दावे करणाऱ्या जाहिरातीही त्यातच येतात. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालये मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. केवळ केसपेपरचे पैसे भरल्याने तुम्ही ‘ग्राहक’ होत नाही.

सर्वात आधी तपशीलवार बिल मागा, तेही लेखी. प्रत्येक औषध, तपासणी आणि डॉक्टरांच्या भेटी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. औषधांच्या वेष्टनावरील एमआरपी बिलाशी ताडून पाहा. त्याहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही. अँजिओप्लास्टी झाली असेल तर स्टेंटची किंमत, कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक बिलावर स्वतंत्र हवेत. स्टेंटच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, आणि हे अनेकांना अजूनही माहीत नसते! केसपेपरची प्रत मागितल्यावर ती ७२ तासांत मिळायला हवी.

राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्क सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे असतात. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. असे काही घडले तर ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली, ज्या महापालिकेच्या हद्दीत रुग्णालय असेल तिच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करा. रुग्णालयाची नोंदणी तिथेच असते. कोविडच्या काळात या दोन्ही महापालिकांनी खासगी रुग्णालयांची बिले लेखापरीक्षकांकडून तपासून घेतली होती.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगतो. रुग्ण बरा झाला नाही, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्यासाठी सहसा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत लागते आणि प्रकरण लांबते. बिलाची तक्रार त्या मानाने सरळ असते, कारण पुरावा तुमच्या हातातल्या कागदावरच असतो. दोन्ही तक्रारी रागाच्या भरात एकत्र करू नका.

रुग्णालयाने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तिथेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. म्हणजे डोंबिवलीच्या रुग्णाने उपचार मुंबईत घेतले असले, तरी ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावणे सक्तीचे नाही आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, म्हणून पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड निदान तोवर जपून ठेवा.