पांढरी पुन्हा झाकताना

गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग मराठी मुलखात पूर्वापार मानले गेले. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साचून वस्तीची जागा उंचावते, रंगानेही फिकट होते. शेतकरी ही कसदार माती गाड्या भरभरून शेतात नेत आले. पुरातत्त्वज्ञांनीही हा शब्द उचलला. अशा पांढरीच्या टेकाडात काय सापडले, हे सगळे विचारतात. हंगाम संपताना उत्खनन बंद कसे करतात, हे सहसा कोणी विचारत नाही. पण सापडलेल्या गोष्टींना अर्थ उरणार की नाही, हे बरेचसे त्या शेवटच्या दिवसांवर ठरते.

कारण साधे आहे. उत्खनन हा पुन्हा न करता येणारा प्रयोग आहे. वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही आणि काढलेला थर परत बसवता येत नाही. पुढे उरते ती फक्त नोंद. खोदकाम चालू असताना नोंदी होतच असतात. पण खड्ड्याची उभी बाजू, म्हणजे ‘छेद’, पूर्ण उंचीने दिसतो तो खोदाई तळाला पोहोचल्यावरच. म्हणून त्याचे मोठे काम शेवटी येते. खुरपीने बाजू तासून साफ करायची, माती फार सुकली असेल तर हलके पाणी शिंपडायचे, म्हणजे थरांचे रंग उमटतात. मग सुरीच्या टोकाने थरांच्या सीमा आखायच्या, आडवी पातळीची दोरी ताणायची, ओळंबा सोडायचा आणि मोजमाप घेत आलेख कागदावर उतरवायचा. छायाचित्र घेतले तरी हा आलेख टळत नाही. राखेचा पट्टा कुठे संपतो आणि नंतर खणलेला खड्डा कोणत्या थरातून खाली उतरतो, हे माणसालाच ठरवावे लागते. दख्खनच्या उन्हात काळी माती भेगाळते आणि पहिल्या मोठ्या पावसात उघडी बाजू ढासळते. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सोय नसते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले, घोड नदीकाठचे इनामगाव. डेक्कन कॉलेजने 1968 मध्ये तिथे काम सुरू केले आणि ते दशकभराहून अधिक काळ हंगामामागून हंगाम चालले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांची नावे या उत्खननाशी जोडलेली आहेत. इ. स. पूर्व सुमारे 1600 ते 700 या काळातली शंभराहून अधिक घरे उजेडात आली. आधीच्या काळातली मोठी चौकोनी घरे आणि शेवटच्या काळातल्या लहान गोल झोपड्या यांतला फरक एका वर्षाच्या खड्ड्यातून कळला नसता. वेगवेगळ्या वर्षी उघडलेले तुकडे एकाच नकाशावर जोडले गेले, तेव्हाच गावाची उतरती कळा दिसली. हा सांधा जुळायचा तर दरवर्षी तीच मोजणीची कायम खूण, तीच चौकटींची आखणी आणि तेच थरक्रमांक लागतात. हंगाम बंद करताना ती खूण जपणे म्हणूनच महत्त्वाचे.

इनामगावात मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत. बऱ्याच प्रौढांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळली. असे दफन हंगामाच्या अखेरीस डोके वर काढते तेव्हा उत्खनकाची कसोटी लागते. घाईने उचलले, तर हाडांची ठेवण आणि भोवतीचा खड्डा कायमचा हातचा जातो. अर्धवट उघडे टाकले, तर पाऊस, गुरे आणि कुतूहल त्याची वाट लावतात. वेळ पुरणार नसेल, तर दिसले तेवढे नोंदून, झाकून पुढच्या वर्षी परत येणे हाच शहाणपणा. त्याला संयम लागतो.

एकीकडे खापरांची रास संपवायची असते. खापरे धुऊन, वाळवून प्रत्येकावर स्थळ, खड्डा आणि थर शाईने लिहितात. खूण पुसली गेलेले खापर कितीही सुंदर असले तरी पुराव्याच्या दृष्टीने मुके होते. जळके धान्य, हाडे आणि कोळसा वेगळे बांधतात. पिशवीत एक चिठ्ठी, पिशवीवर दुसरी.

शेवटी खड्डे बुजवतात. तळाशी वाळू किंवा प्लास्टिक अंथरले, की पुढे येणाऱ्याला जुन्या खोदाईची सीमा कळते. जमीन पुष्कळदा शेतकऱ्याची असते. त्याला ती नांगरता येईल अशीच परत द्यायला हवी.

टेकाडाचा काही भाग मुद्दाम न खणता ठेवणे हाही याच शिस्तीचा भाग. कार्बन-14 पद्धत 1949 मध्ये पुढे आली. त्याआधीच्या उत्खनकांना कोळशाची खरी किंमत कळणे शक्यच नव्हते. राखीगढीच्या एका सांगाड्यातून मिळालेल्या प्राचीन डीएनएचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षांपूर्वी ते कोणाच्या मनातही आले नसते. उद्याची साधने काय विचारतील, हे आज ठाऊक नाही. त्यांच्यासाठी माती शिल्लक हवी.

आणि अहवाल छापून येईपर्यंत हंगाम खऱ्या अर्थाने संपत नाही. इनामगावचा सविस्तर अहवाल 1988 मध्ये आला. अनेक उत्खननांच्या नशिबी तेही येत नाही. त्यांचे थर जमिनीतूनही गेलेले असतात आणि कागदावरही आलेले नसतात.