आखजीची बैठक आणि शेतातली झोपडी

जळगावजवळच्या असोद्याची आखजी (अक्षय्य तृतीया) म्हणजे निंबाला बांधलेले झोके, माहेरी आलेल्या लेकी, पितरांच्या नावाने भरलेली घागर. कवयित्री बहिणाबाई चौधरींचे हे माहेर. १८८० साली त्या इथेच जन्मल्या. पण याच सणाला ओट्यावर आणखी एक काम चालते. वर्षाच्या बोलीने शेतावर राबणाऱ्या सालदाराचे साल संपते, नवे ठरते. पैसे किती, धान्य किती, आधीची उचल किती फिटली, सगळे तोंडी. जमीनवाला आणि कष्टकरी यांची वर्षातून एकदा तरी समोरासमोर बसून होणारी ही बोलणी खान्देशाने फार जुन्या काळापासून जपली आहे.

या बैठकीत समोर बसणारा माणूस मात्र गेल्या काही दशकांत बदलला. पूर्वी तो बहुधा गावातला किंवा शेजारच्या खेड्यातला असायचा. त्याची पोरे शिकली, जळगावच्या एमआयडीसीत लागली. केळीला ठिबक आले, वर्षभर शेतावर माणूस हवा झाला. मग सातपुड्यातले आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातल्या खरगोन-बडवानीकडचे पावरा, बारेला आदिवासी कुटुंबकबिल्यासह येऊ लागले. राहायला शेतातली झोपडी, बोली वेगळी, देव वेगळे. गावात पाण्याची मोटार चोरीला गेली की पहिली नजर त्या झोपडीकडे वळायची. अजूनही वळते, आणि ते मला सलते.

कारण आपण तरी कुठले? १८०३-०४ च्या दुष्काळाने आणि लुटालुटीने खान्देशातली गावेच्या गावे ओस पडली होती. १८१८ नंतर ती पुन्हा वसली, त्यात बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा होता. लेवा समाजाची परंपराही आपले मूळ गुजरातेत सांगते.

तरीही समज वाढली, ती भाषणांनी नव्हे, अडलेल्या कामांनी. पहिला पेच भोंगऱ्याचा. होळीआधीच्या त्या बाजारांसाठी पावरा माणूस हातातले काम टाकून गावी जातो. सुरुवातीला शेतकऱ्यांना हा पळपुटेपणा वाटे. हळूहळू कळले, की आपली दिवाळी तशी त्यांची होळी. आता आखजीलाच विषय निघतो. "भोंगऱ्याले जाऊ देशान ना, शेठ?" आणि उत्तर येते, "जा ना भो, पन हरभरा काढून जा." एवढ्यावर दोन्हीकडचे मन मोकळे होते.

दुसरा पेच काट्याचा. कापसाची वेचणी किलोवर. सकाळी दवाने कापूस ओला, त्यावरून वजनाची ओढाताण. एका शेतात मी पाहिले, मालकाने वेचणाऱ्या बाईच्या शाळकरी मुलीलाच काट्यापाशी उभे केले. ती आकडा मोठ्याने वाचायची, आपल्या वहीत लिहायची, मग मालक आपल्या वहीत. त्या हंगामात मापावरून तिथे भांडण झाले नाही.

२०२० ची आखजी २६ एप्रिलला, ऐन टाळेबंदीत आली. धुळ्याहून सेंधव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर पुढे हजारो माणसे चालत होती, सीमेवर अडत होती. तेव्हा खेड्यांना पहिल्यांदा नीट दिसले, की शेतातल्या माणसाचे घर किती लांब आहे. रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची सोय जानेवारी २०२० पासून महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात झाली होती, पण ते त्या झोपडीत जाऊन सांगणार कोण?

इथे आखजीची बैठक अपुरी पडते. ती दोघांत होते, गावाशी होत नाही. ग्रामसभेचा सभासद मतदारयादीतला. ज्याचे मत खरगोनला, तो असोद्यात दहा वर्षे राबला तरी त्याला ग्रामसभेत सभासद म्हणून बसता येत नाही. त्याच्या पोराला कागदपत्रे नसली तरी शाळेत घ्यावे लागते, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. पण बापाला ते ठाऊक नसेल, तर पोरगे शेळ्यांमागेच राहते.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेतात. तशीच एक बैठक आखजीच्या आठवड्यात या कुटुंबांसाठी घ्यायला कुठलाही कायदा आड येत नाही. सरपंच, शाळेचे गुरुजी, रेशन दुकानदार आणि पोलीस पाटील एवढे चौघे आले तरी पुरे. बैठक सांजेची ठेवावी, म्हणजे कोणाचा रोज बुडणार नाही. बायांनाही बोलवावे, कारण झोपडीतला हिशेब बहुतेक त्याच सांभाळतात.