माल कशाचा आहे?

महाडच्या बाजारात माणूस पारखल्याशिवाय काही घेत नाही. विळ्याच्या पात्यावर नख मारून बघतो, पातेलं उलटं करून बूड बघतो, कापड चिमटीत धरून चुरगाळतो. तोच माणूस रात्री मोबाइलवर लैंगिक सुखाचं एखादं साधन मागवतो, तेव्हा दोनच गोष्टी बघतो: किंमत किती आणि पार्सल गुपचूप येईल ना. वस्तू कशाची बनली आहे, हे विचारायला समोर दुकानदार नसतो. असता तरी विचारलं नसतं म्हणा.

पोलादपूरच्या स्टँडपर्यंत खाकी खोकं बिनबोभाट येतं. बाहेर ‘मसाजर’ लिहिलेलं असतं. आतल्या चिठ्ठीवर पुष्कळदा बारीक अक्षरांत ‘फॉर नॉव्हेल्टी यूज ओन्ली’ असं असतं. म्हणजे वस्तू गमतीपुरती. अंगाला लावलीत आणि काही झालं तर आमच्याकडे येऊ नका. जी वस्तू शरीराच्या सर्वांत नाजूक त्वचेला लागणार, ती विकणारा आधीच हात वर करून मोकळा होतो.

आपल्याकडे हा विषय नवा आहे असं समजायचं कारण नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात, शेवटच्या अधिकरणात, कृत्रिम साधनं कशाची करावीत याची चर्चा आहे. सोनं, चांदी, तांबं, लोखंड, हस्तिदंत, शिंग अशी यादी आहे आणि मऊ व थंड म्हणून कथील-शिशाचा पुरस्कार करणाऱ्यांचं मतही नोंदलं आहे. शिसं शरीरात साठतं आणि मेंदूपासून मूत्रपिंडापर्यंत सगळ्याला बाधतं, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा ते कळायची सोय नव्हती, पण ‘कशाचं’ हा प्रश्न तरी उघडपणे विचारला जात होता.

आज शिशाच्या जागी स्वस्त, मऊ प्लॅस्टिक आहे. बिरवाडीकडच्या एमआयडीसीत रसायनांचे ड्रम हाताळणाऱ्याला हातमोजे कशासाठी, हे सांगावं लागत नाही. त्याला पुढचं चटकन कळेल. पीव्हीसी मुळात कडक असतं. नळाचे पाइप त्याचेच. ते रबरासारखं लुसलुशीत करायचं तर त्यात प्लॅस्टिसायझर मिसळावा लागतो, आणि त्यातला मोठा गट थॅलेट्सचा. हा द्रव प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता आत मुरलेला असतो. त्यामुळे तो हळूहळू बाहेर येतो, आणि तेल लागलं तर जास्तच. डीईएचपी, डीबीपी, बीबीपी ही त्यातली बदनाम मंडळी. प्रजननसंस्थेला घातक म्हणून युरोपात लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांचं प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. मोठ्यांच्या ‘खेळण्यां’कडे मात्र बराच काळ कोणी बघितलं नव्हतं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २००६ मध्ये बाजारातल्या अशा वस्तू तपासून घेतल्या, तेव्हा त्यांत थॅलेट्स सापडले. कधीमधी वापरल्याने लगेच आजार होतो असं नाही. पण गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने आणि रोज वापरणाऱ्याने असल्या वस्तूपासून लांब राहावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

असला माल ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खोकं उघडताच नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला, हाताला चिकट लागलं, रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवल्यावर सकाळी तेलकट डाग दिसला, तर ती वस्तू कचऱ्यात टाकायची. पैसे गेले तर गेले. लायटरने जाळून सिलिकॉनची परीक्षा करा, असे सल्लेही फिरतात. ते घरात करू नयेत.

टीपीई हा दुसरा मऊ प्रकार. हा पीव्हीसीपेक्षा बरा, थॅलेट्सशिवायही बनतो, पण त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. धुतलं तरी जंतू आत राहतात, उकळलं तर आकार जातो. घ्यायचंच असेल तर दर वेळी वरून नवा कंडोम चढवावा आणि वस्तू दुसऱ्या कोणाला देऊ नये. जाहिरातीत ‘मेडिकल ग्रेड टीपीई’ किंवा ‘सिलिकॉनसारखा स्पर्श’ असं वाचलं की समजावं, हे सिलिकॉन नव्हे.

खरं सिलिकॉन बिनवासाचं असतं, त्याला छिद्रं नसतात आणि मऊपणासाठी त्यात प्लॅस्टिसायझर लागत नाही. बाळाच्या बाटलीचं बूच आणि मासिक पाळीचा कप याच जातीचे. ‘शंभर टक्के सिलिकॉन’ असं नि:संदिग्ध लिहिलेलं हवं. ‘प्लॅटिनम क्युअर्ड’ असेल तर उत्तम. कडक वस्तूंत एबीएस प्लॅस्टिक, बोरोसिलिकेट काच आणि स्टेनलेस स्टील हे भरवशाचे. काचेला टवका गेला की तिचा मोह सोडावा. स्टील ३१६ दर्जाचं असावं. नुसता मुलामा असलेला धातू नको. खोट्या कुड्यांनी कान चिघळतात, तोच निकेलचा त्रास इथेही होतो.

मोटर नसलेलं सिलिकॉन, स्टील किंवा बोरोसिलिकेट काच काही मिनिटं उकळून निर्जंतुक करता येते. मोटर असेल तर सौम्य साबण आणि पाणी, तेही वस्तू जलरोधक असेल तरच. आयपीएक्स ७ लिहिलेलं असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. आणि गुदमार्गात वापरायच्या वस्तूला रुंद बूड असलंच पाहिजे. ते नसेल तर वस्तू आत ओढली जाते. मग घरी खटाटोप न करता थेट दवाखाना गाठायचा. डॉक्टरांनी असे रुग्ण पाहिलेले असतात.

ही एवढीशी माहिती दुकानात का मिळत नाही? कारण दुकानच नाही. गोव्यात कळंगुटला २०२१ मध्ये असं एक दुकान उघडलं आणि तक्रारी होऊन महिन्याभरात बंद पडलं. अश्लील वस्तूंच्या विक्रीबद्दलचं भारतीय दंडविधानातलं कलम २९२ आता न्याय संहितेत २९४ झालं आहे, आणि आयातीवरची बंदी १९६४ च्या सीमाशुल्क अधिसूचनेतली. सीमाशुल्क खात्याने अडवलेल्या बॉडी मसाजरच्या एका खटल्यात मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, तो अश्लील ठरतो हे खात्याचं म्हणणं फेटाळलं. निकाल चांगलाच. पण वस्तू ‘मसाजर’ या नावाखाली वावरते तोवर ती नाजूक जागी चालेल का, हे तपासायची कोणाला गरज वाटत नाही. अशा साधनांसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ पासून आहे; विक्रेत्याला त्याबद्दल विचारून बघावं. बहुतेकांना ते ऐकूनही माहीत नसेल, आणि त्यावरूनही विक्रेता कळतो.

असे प्रश्न विचारायला एकदा जागा होती. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच १९२७ साली, जुलैत, मुंबईत र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. त्याआधी १९२१ मध्येच त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. वाचक त्यांना लाज न बाळगता प्रश्न विचारत आणि ते छापून उत्तर देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटल्यात हार झाली, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. नव्वद वर्षं उलटली तरी मेडिकलच्या काउंटरवर आपण अजून गिऱ्हाइकं कमी व्हायची वाट बघत उभे राहतो.

त्याच मेडिकलमध्ये एक भरवशाची गोष्ट मिळते, ती म्हणजे कंडोम. औषध कायद्याच्या कक्षेत असल्यामुळे त्यावर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असते. पण कोकणात घराघरांत खोबरेल असतं आणि घोळ तिथेच होतो. खोबरेल, तूप, व्हॅसलीन, बेबी ऑइल यांनी लॅटेक्स बघता बघता कमकुवत होतं आणि कंडोम फाटतो. लॅटेक्सबरोबर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल घ्यावं. मात्र सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचं जेल नको, पृष्ठभाग खराब होतो. जेल फार संहत असेल तर ते पेशींतलं पाणी ओढून घेतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्मोलॅलिटीची, म्हणजे या संहततेची, मर्यादा १२०० मिलिऑस्मोल प्रति किलो सांगितली आहे. बधिर करणारे स्प्रे आणि क्रीम टाळावेत, कारण इजा झाली तरी दुखत नाही आणि माणूस थांबत नाही. आग, खाज, पुरळ किंवा रक्त दिसलं तर वापर तिथेच थांबवावा, आणि डॉक्टरकडे जाताना वस्तूचं खोकं बरोबर न्यावं. काय लागलं होतं, हे कळलं की उपचार सोपे होतात.