पावाची कणीक आणि तारेची रवी

बंगळूरला पावाचे अप्रूप नाही. अय्यंगारांच्या बेकऱ्या तेथे गल्लोगल्ली आहेत. परंतु घरी पाव करू पाहणाऱ्या गृहिणीची पहिली अडचण भट्टीची नसते, कणकेची असते. पावाची कणीक पोळीच्या कणकेहून सैल. ती बोटांना चिकटते. मग हात मोकळा करण्यासाठी परातीत कोरडे पीठ पडत जाते आणि पाव दडदडीत उतरतो.

या अडचणीवर डेन्मार्कच्या नावाने ओळखले जाणारे एक साधन आहे. लांब लाकडी मूठ आणि तिच्या टोकाला जाड तारेची एकात एक वळी, एवढीच त्याची रचना. अंडी फेटण्याच्या फुगीर जाळीत कणीक अडकून बसते. येथे वळी विरळ व चपटी असल्याने तार कणीक कापत पुढे जाते.

त्याची परीक्षा घरीच घेता येते. २५० ग्रॅम मैदा, १६५ ग्रॅम पाणी, ५ ग्रॅम मीठ व थोडे यीस्ट अशी दोन सारखी मापे घ्यावीत. एक हाताने कालवावे, दुसरे तारेने. तारेने मिनिटा-दोन मिनिटांत कोरडे पीठ उरत नाही, हात स्वच्छ राहतो आणि पाण्याचे माप ढळत नाही. मात्र गोळा खडबडीतच दिसतो. येथेच साधनाची मर्यादा कळते: कालवणे निराळे, मळणे निराळे.

कर्नाटकात नाचणीचा मुद्दा लाकडी दांड्याने घोटतात. तेथे शिजत्या पिठातील गुठळ्या मोडल्या की काम झाले, कारण नाचणीत गव्हासारखा चिकट ग्लुटेन नसतो. गव्हाच्या प्रथिनांना पाणी मिळाले की तो तयार होतो आणि यीस्टचा वायू धरून ठेवतो. त्याला वेळ हवा. फ्रेंच पावतज्ज्ञ रेमाँ काल्व्हेल यांनी १९७४ साली पीठ व पाणी कालवून काही वेळ स्वस्थ ठेवण्याची रीत मांडली. तोच धडा घेऊन दोन्ही गोळे वीस मिनिटे झाकून ठेवावेत व मग मळावेत. ताणल्यावर न फाटता पातळ पापुद्रा निघाला, की कणीक सिद्ध झाली.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. हवेचा दाब कमी असल्याने तेथे कणीक थोडी लवकर फुगते. म्हणून घड्याळापेक्षा गोळ्याकडे पाहावे.

तारेची रवी हाताचा चिकटा वाचविते. मळणे आणि वाट पाहणे, ही कामे तिच्यावर सोपविता येत नाहीत.